आराम इल्ल

अक्कांचं काम माझ्यामुळे गेलं. काढलं मालकांनी, हे खरं; पण त्यासाठी लागणारा विनोद मी पुरवला.

नव्वदच्या दशकात मी जुन्या हुबळीतल्या एका छापखान्यात कारकून होतो आणि अक्का बाइंडिंगच्या टेबलावर होत्या. मला महिन्याचा पगार, त्यांना तासावर मजुरी. त्यामुळे आमच्या शरीरांतही फरक पडला होता. माझ्या शरीराला वर्षातून काही दिवस पगारी आजारी पडता येई. त्यांच्या शरीरासाठी तशी तरतूद नव्हती. यावर मालकांचं म्हणणं असं : "अहो, तासावरच्या माणसाला कसली आजारपणाची रजा? तास कधी आजारी पडतो का?" मला ते पटलं. पगारी माणसाला अशा गोष्टी लवकर पटतात.

माझे आजार फार वक्तशीर. भारताची मॅच असली की पोट बिघडे. हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, "शुक्रवार ते सोमवार." त्यांनी न तपासता सर्टिफिकेट लिहून दिलं.

तासावरच्यांना सवलत एवढीच, की आजारपणाचा निरोप आला तर जागा राखली जाई. पैसे नाहीत, नुसती जागा. न सांगता घरी बसलं की दुसरं माणूस.

एका सकाळी अक्कांनी घराशेजारच्या दुकानातून फोन केला. आवाज पार खोल गेलेला. "आराम इल्लरी, अण्णा. जागा तेवढी ठेवायला सांगा."

आमच्याकडे 'आराम इल्ल' म्हणजे बरं नाही. घरी मराठी बोलणारे आम्हीही 'आराम नाही' असंच म्हणतो. पण मालक पुण्याहून नुकते आलेले, आणि समोरच बसलेले.

"काय म्हणतात बाई?"

"आराम नाही म्हणतात."

मालक खो खो हसले. "आराम नाही? मग आम्ही काय इथे गाद्या घालून ठेवल्यात? आरामासाठी घरी बसल्या होय!"

एका वाक्यात गैरसमज मिटला असता. पण माझ्या रजेचा अर्ज त्यांच्या हातात होता, आणि मालक हसत असले की सही पटकन होते, हा माझा अनुभव. मीही हसलो. वर म्हणालो, "आरामच हवा असणार, साहेब."

"मग घेऊ दे कायमचा," असं म्हणत त्यांनी माझ्या पोटदुखीवर सही केली.

टायफॉइडमधून उठून अक्का आल्या, तेव्हा त्यांच्या जागी दुसरी बाई पानं दुमडत होती.

"अण्णा, फोन तुम्हीच घेतला होतात ना?"

"मालकांना सांगितलं होतं मी," असं मी कागद चाळत म्हणालो. वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टोचत राहिलं.

सन दोन हजार उलटून गेल्यावर कळलं, की अक्का धारवाडात सुभाष रोडवरच्या एका दुकानामागे वह्या शिवतात. गेलो. त्यांनी लगेच ओळखलं.

"या, या अण्णा! आज कामाचा वार, आणि इकडे कुठे?"

"रजा घेतली."

"कसली?"

"आजारपणाची," माझ्या तोंडून खरं निघून गेलं.

अक्का शेजारच्या बाईला म्हणाल्या, "बघ गं, आजारी माणूस! गाल बघ कसे टोमॅटोसारखे!" दोघी पोट धरून हसल्या. मला स्टूल सरकवून त्यांनी पुन्हा सुई हातात घेतली.

वाटेत बसमध्ये मी मोठं भाषण तयार केलं होतं. त्यात परिस्थिती होती, नोकरीची धास्ती होती, मालकांचा स्वभाव होता. अडखळत सुरुवात केली. "त्या दिवशी काय झालं, अक्का, मालकांना आपली भाषा कळत नव्हती..."

"तुम्हाला कळते की," त्या म्हणाल्या.

भाषण तिथेच संपलं.

"कळते," मी म्हणालो. "तुम्ही आजारी आहात हे मला कळलं होतं. मी मुद्दाम नीट सांगितलं नाही. तुमची जागा माझ्यामुळे गेली, अक्का. माझं चुकलं. मला माफ करा."