एक विचारू का?

बावीस वर्षं बाईंनी बस कंपनीतल्या लोकांना नोकरीबद्दल सल्ला दिला होता, आणि आता वरून हुकूम आला की सल्ला कसा द्यायचा ते आधी शिकून या. वर्षभराचा अभ्यासक्रम. नापास झालात तर रवानगी रेकॉर्डरूममध्ये. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ऑफिसात त्यांना ‘झटपट बाई’ म्हणत आणि त्यांना त्याचा अभिमान होता. दहा मिनिटांत माणूस मार्गी, पुढचा या!

अभ्यासक्रमात सिद्धांतांचा नुसता सुळसुळाट. एक म्हणे, कामाच्या आयुष्याचे पाच टप्पे असतात. दुसरा म्हणे, माणसं सहा प्रकारची असतात. तिसरा म्हणे, बरंचसं योगायोगानेच होतं.

“एकदा काय ते ठरवा ना मेल्यांनो!” बाई पुस्तकावर करवादल्या.

“तू कुठल्या प्रकारात बसतेस ते तरी बघ,” नवरा म्हणाला.

“मला बसायला मिळतंय कुठे दिवसभरात!”

त्यात हा स्वाध्याय. समोरच्याची परवानगी घेऊन एक मुलाखत रेकॉर्ड करायची, शब्दन् शब्द उतरवायचा आणि कुठे कुठला सिद्धांत वापरला ते शेजारी लिहायचं. बाईंनी एक बस ड्रायव्हर निवडला. वय सत्तेचाळीस, एका डोळ्याची नजर गेलेली, त्यामुळे गाडी कायमची सुटलेली. गोदाम की तिकीट खिडकी, एवढंच ठरवायचं होतं. बाईंनी गोदाम ठरवलं आणि त्याची सही घेतली. कागद सोमवारी अकरा वाजता वर जाणार होता, आणि एकदा गेला की बदल नाही.

रविवारी दुपारी त्या जेवणाच्या टेबलावर लिहायला बसल्या. लिहून लिहून बोटं दुखली. वीस मिनिटांच्या मुलाखतीत सतरा मिनिटं त्यांच्याच तोंडाचा पट्टा चालू होता. पुस्तकाप्रमाणे हे वय म्हणजे मिळवलेलं टिकवण्याचा टप्पा, असंही त्यांनी ड्रायव्हरला ऐकवलं होतं. अहो, जे टिकवायचं तेच गेलंय ना त्याचं! बाईंनी कपाळाला हात लावला.

आधी त्या ड्रायव्हरवरच चिडल्या. बोलायला काय झालं होतं या माणसाला? मग नीट ऐकलं. चौथ्या मिनिटाला तो म्हणतो, “मॅडम, एक विचारू का?” बाई म्हणतात, “विचारा की, पण आधी हे ऐका.” नवव्या मिनिटाला पुन्हा, “विचारू का?” “थांबा हं, एवढं संपवते.” सोळाव्या मिनिटाला, “ते मघाचं विचारायचं होतं...” “इथे सही करा, मग विचारा.” मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि दार.

बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी दहा वाजता त्यांनी त्याला बोलावून घेतलं. तो कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये आला.

“तुम्ही काहीतरी विचारणार होतात.”

“राहू दे मॅडम. सही झालीय ना.”

“राहू दे काय! विचारा!” बाई खेकसल्या, आणि मग त्यांनी जीभ दातांखाली धरली. ओठांवर पाच वाक्यं येऊन गेली. गप्प बसणं इतकं अवघड असतं, हे कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, “गोदामात युनिफॉर्म असतो का?”

नसतो, साधे कपडे चालतात, आरामच आहे, असं त्या म्हणणारच होत्या. म्हणाल्या नाहीत.

“घरी सांगितलं नाहीये अजून,” तो म्हणाला. “महिना झाला. रोज हा घालून निघतो, डेपोच्या बाकावर बसतो, संध्याकाळी परत जातो. साध्या कपड्यांत कसा निघू? आणि घरी सांगू कसं?”

बाईंनी सगळे सिद्धांत आठवून पाहिले.

“मला नाही माहीत हो,” त्या म्हणाल्या. “घरी कोण कोण असतं?”

अकरा वाजता शिपाई कागद न्यायला आला. बाईंनी मान न वळवता त्याला हातानेच परत पाठवलं. ड्रायव्हर तेव्हा सांगत होता की त्याची धाकटी रोज सकाळी त्याचा बिल्ला पुसून, छातीवर लावून देते.