चिंधीची सुई

चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून शिवणवाल्या मावशींनी कपडे बेतले. कुणी काही विचारलं तर उत्तर टाचण्या संपल्यावर. त्यांचे यजमान, म्हणजे मास्तर, समोरच्या मशीनवरून ओरडायचे, "अगं, गिळशील एक दिवस!" मावशी ओठ न उघडता हसायच्या. फार सुखाचे दिवस होते ते.

तीन वर्षांपूर्वी मास्तर गेले आणि दुकान बंद झालं. मास्तरांना रोज पाहिलेलं आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते मांजर होतं. शेजारच्या औषधवाल्याची चिंधी! मास्तरांच्या पायाशी कातरणांच्या ढिगात झोपायची, म्हणून नाव त्यांनीच ठेवलेलं. म्हातारपणी तिला शुगर झाली. औषधवाला लेकीकडे राहायला निघाला आणि तिला गुरांच्या दवाखान्यात सोडून गेला. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचायचं म्हटल्यावर बघायला आलेले सगळे काढता पाय घेत. मावशींना कळलं मात्र, त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"आधी टोचून दाखवा, मग न्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मानेजवळ कातडीची चिमूट धरायची."

मावशींना यात काय शिकवायचं! पण चिमूट नीट बसावी म्हणून त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते. त्यांनी इन्सुलिनच्या सुईचं टोपण काढलं आणि ती खुशाल ओठांत धरली.

"मावशी!" डॉक्टरीणबाईंनी ती हिसकावूनच घेतली. "टाचणी आहे का ती? अशानं मी मांजर देणार नाही. उद्या या. पुन्हा तोंडात गेली, तर मात्र विसरा."

मावशींचं तोंड एवढंसं झालं. चाळीस वर्षांची खोड एका दिवसात कशी मोडायची? घरी येऊन त्या मशीनचा खण उपसत बसल्या. तळाशी टाचण्या टोचायची मखमली गादी सापडली, मनगटात घालायला इलॅस्टिक लावलेली. उरलेल्या तुकड्यांतून मास्तरांनी शिवली होती. "हे मिरवायला मी काय नवी नवरी आहे?" म्हणून मावशींनी ती तेव्हा खणात टाकली होती. मखमलीवर एका टाचणीचंही भोक नव्हतं. मावशींना रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भरलेली सुई टोपणासकट डाव्या मनगटावरच्या इलॅस्टिकखाली खोचली. दोन्ही हातांनी चिमूट जमवली, ती डाव्या हातात धरली आणि उजव्यानं सुई ओढली. टोपण इलॅस्टिकमध्येच राहिलं. चिंधीला टोचल्याचं कळलंसुद्धा नाही. मावशींचे ओठ मात्र सवयीनं घट्ट मिटलेले होते, रिकामेच.

"छान आहे हो हे!" डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या. "नवीन घेतलंत?"

"सव्वीस वर्षांचं आहे," मावशी म्हणाल्या. "त्यांचं ऐकायला आज सवड झाली."

आणि चिंधीला पदराखाली घेऊन त्या घरी निघाल्या.