दसऱ्याच्या दिवशीचा संकल्प

नवीन गाडीची पूजा सांगायला मला पंधरा मिनिटं लागतात. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला हार, चाकांखाली लिंबं, समोर नारळ. बुलढाण्याच्या एका मोटारीच्या शोरूममध्ये मी हे काम नऊ वर्षं केलं. तिथला मॅनेजर मला ‘गुरुजी’ म्हणायचा आणि गिऱ्हाइकांसमोर वाकून नमस्कार करायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. म्हणूनच माझी पहिली गाडी मी त्याच्याकडून घेतली, आणि तिची पूजाही मीच सांगितली.

गाडी घेऊन वर्ष झालं होतं, तेव्हा उन्हाळ्यात मोबाईलवर कंपनीचा निरोप आला. गेल्या दोन वर्षांत बनलेल्या काही गाड्यांच्या ब्रेकमध्ये एक भाग सदोष निघाला होता. तो फुकट बदलून मिळेल, जवळच्या वर्कशॉपला गाडी दाखवा, असं त्यात होतं. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. मॅनेजरनं चहा मागवला आणि म्हणाला, “गुरुजी, पार्ट यायचाय. आला की पहिला फोन तुम्हाला.”

फोन आला नाही. मी पुन्हा गेलो, पार्ट यायचाय. आषाढात गेलो, पार्ट यायचाय. कंपनीच्या नंबरावर फोन लावला, तिथल्या बाईनं माझी तक्रार गोड आवाजात लिहून घेतली आणि वर्कशॉपशी बोला म्हणून सांगितलं. तोवर गाडी चालवू का, असं मी मॅनेजरला विचारलं होतं. तो हसला. “बिनधास्त चालवा. कंपनी काय, कागदं नाचवते.”

मी चालवली.

श्रावणात मोताळ्याला एका घरी सत्यनारायण होता. माझ्या बायकोलाही यजमानीणबाईंनी आग्रहानं बोलावलं होतं, म्हणून दोघं निघालो. राजूर घाट उतरत होतो. पाऊस नव्हता, रस्ता कोरडा होता, पुढे एक ट्रक हळूहळू चालला होता. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय खाली जात राहिला. ओल्या चिखलात रुततो तसा, अगदी तळापर्यंत. गाडी काही थांबेना. मी गिअर खाली ओढला, हँडब्रेक ओढला आणि ट्रकवर जाण्याऐवजी डोंगराच्या बाजूच्या नालीत गाडी घातली. दगडाला घासत ती थांबली. मला खरचटलंसुद्धा नाही. हिनं मात्र समोर हात टेकला होता. तिचं उजवं मनगट मोडलं.

हाड नीट बसलं नाही. डॉक्टर म्हणाले, हात पूर्ण वळायला वेळ लागेल, कदाचित पूर्ण वळणारही नाही. हिला वेणी घालता येईना. ती लग्नापासून रोज सकाळी तुळशीला पाणी घालण्याआधी वेणी घालते. मी घालून पाहिली. लोकांच्या डोक्यांवर अक्षता टाकणारे हात, तीन पेड एकात एक घालताना गोंधळायचे. ती आरशात बघून म्हणाली, “राहू द्या. अंबाडा बांधून द्या नुसता.” तेही मला नीट जमत नव्हतं.

गाडी ओढून वर्कशॉपला नेली, तेव्हा मॅनेजर बाहेर आला. नमस्कारासाठी वाकला नाही. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “गुरुजी, घाटात सारखा ब्रेकवर पाय ठेवला की असं होतं. वयही झालंय तुमचं. ड्रायव्हर ठेवत जा.”

“पाय तळापर्यंत गेला,” मी म्हणालो. “तुम्ही पार्ट बदलला असता तर गेला नसता.”

“त्याचा काही संबंध नाही.”

आणि कागदावर त्यानं लिहिलं: चालवणाऱ्याची चूक. माझ्यासमोर लिहिलं. वर माझी सही मागितली. मी सही केली नाही, पण भांडलोही नाही. त्याच्या मागे काचेच्या भिंतीपलीकडे नव्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघत मी उभा राहिलो. घरी येईपर्यंत मला राग आलेला कळलाच नाही. जेवायला बसलो आणि ताट तसंच बाजूला सारलं, तेव्हा कळलं.

भाद्रपदात एका रविवारी वर्कशॉपचा फिटर माझ्या दारात आला. पंचेचाळिशीचा माणूस, दुकान उघडल्यापासून तिथं कामाला. नऊ वर्षांत आमचं बोलणं ‘लिंबं कुठं ठेवू’ याच्या पलीकडे गेलं नव्हतं. त्यानं हिच्या हाताकडे पाहिलं आणि ओसरीवरच बसला.

“महाराज, एक गोष्ट पोटात राह्यत नाही,” तो म्हणाला. “तुमच्या गाडीचा पार्ट आला होता.”

“कधी?”

“आखाडातच. डबा मीच खोलला. एकेका पार्टवर चिठ्ठी, चिठ्ठीवर गाडीचा नंबर. तुमचा नंबर मी माह्या डोयानं पाहिला.”

“मग गेला कुठं?”

मग त्यानं सगळं सांगितलं. शोरूममध्ये उभ्या असलेल्या नव्या गाड्यांतही तोच सदोष भाग होता, आणि तो बदलल्याशिवाय त्या विकायला कंपनीची मनाई होती. त्यांच्यासाठीचे भाग यायला उशीर होता. जुन्या गिऱ्हाइकांचे आधी आले. मॅनेजरनं चिठ्ठ्या फाडायला लावल्या आणि ते भाग नव्या गाड्यांत बसवले.

“मीच बसवले,” फिटर म्हणाला. “तुमचा त्या लाल गाडीत गेला. नागपंचमीची.”

ती लाल गाडी मला आठवत होती. बीबी गावचं एक कुटुंब आलं होतं. त्या गाडीवर स्वस्तिक मी काढलं, नारळ मी फोडला, प्रवास सुखाचा होवो म्हणून हात मी जोडले. आणि पुढच्याच आठवड्यात राजूर घाट उतरलो.

“आता दुसरा डबा आला हाय,” तो उठता उठता म्हणाला. “तोही दसऱ्याच्या गाड्यायले लावून राह्यले. जुन्या लोकायचे फोन येतात, त्यायले सांगतात, यायचाय.”

तो गेल्यावर ही म्हणाली, “कोर्टात जाऊ.” मी हो म्हणालो, पण माझं मन कोर्टात नव्हतं. कोर्टात तो नसता, त्याचा वकील असता. मला तो माझ्यासमोर हवा होता.

दसऱ्याच्या चार दिवस आधी त्याचाच फोन आला. “गुरुजी, झालं गेलं विसरा. अकरा गाड्या आहेत यंदा. तुमच्याशिवाय कोण?” तुमची गाडी दिवाळीपर्यंत करून देतो, असंही म्हणाला. मी म्हणालो, “येतो. फक्त यंदा आधी दुकानाची पूजा करू. यजमान तुम्ही बसा.”

तो खूश झाला.

त्या चार दिवसांत मी इतका शांत होतो, की ही दोनदा विचारून गेली, बरं वाटतंय ना. मी वाक्यं जुळवत होतो. संध्या करताना, दुसऱ्यांकडच्या पूजेत, एस.टी.च्या खिडकीशी. कुठल्या शब्दाला थांबायचं, हेसुद्धा ठरवलं होतं. देवासमोर असा विचार करू नये, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी केला.

दसऱ्याला शोरूम झेंडूनं भरलं होतं. अकरा गाड्या, अकरा कुटुंबं, नव्या साड्या, कडेवरची पोरं. शोरूमचा फोटोवाला व्हिडिओ काढत होता. मॅनेजर भगवा फेटा बांधून पाटावर बसला. मी त्याच्या उजव्या तळहातावर पळीनं पाणी दिलं, त्यात अक्षता, फूल. हे पाणी हातात असेपर्यंत माणूस उठत नाही, हे पूजेला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

शक, ऋतू, महिना, तिथी झाली. तो माझ्यामागून म्हणत होता, डोळे मिटून, छान म्हणत होता. मग मी मराठीत आलो.

“म्हणा. या दुकानाचा मी मॅनेजर.”

“या दुकानाचा मी मॅनेजर.”

“ज्या जुन्या गिऱ्हाइकांचे ब्रेकचे पार्ट आषाढात माझ्याकडे आले,” मी म्हणालो आणि थांबलो.

त्यानं डोळे उघडले.

“म्हणा,” मी म्हणालो. “ज्यांचे पार्ट आले, त्यांना आले नाहीत असं मी सांगितलं. त्यांच्या चिठ्ठ्या फाडल्या. ते पार्ट या विक्रीच्या गाड्यांत बसवले.”

पाणी बोटांच्या फटीतून गळत होतं. हात झटकावा तर सगळे बघत होते, उठावं तर सगळे बघत होते. मी ताम्हण त्याच्या हाताखाली धरलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो, आणि सांगतो, नऊ वर्षांत त्या दुकानातल्या कुठल्याच पूजेत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

“काय म्हनून राह्यले महाराज?” मागून एकानं विचारलं. वरवट बकालहून आलेला शेतकरी होता, चावी घ्यायला उभा.

“तुमच्या गाडीत जो ब्रेकचा पार्ट आहे, तो दुसऱ्या कुणाच्या तरी नावाचा आहे,” मी म्हणालो. “माझ्या नावाचा एका लाल गाडीत आहे. आणि माझ्या बायकोचं मनगट मोडलं आहे.”

“गुरुजी, हे बरोबर नाही,” मॅनेजर हळू आवाजात म्हणाला.

“मग खोटं आहे म्हणा. पाणी हातात आहे तुमच्या. म्हणा, खोटं आहे.”

तो म्हणू शकला नाही. हे मात्र मी ठरवलेलं नव्हतं. तो सहज खोटं बोलेल असंच मला वाटलं होतं, आणि त्यावर काय बोलायचं तेही तयार ठेवलं होतं. त्यानं हातात उरलेलं पाणी तसंच फरशीवर सोडलं आणि आत निघून गेला.

गर्दीत एक शिक्षिका होत्या, भावासोबत आलेल्या. त्या म्हणाल्या, “माझीही गाडी यांच्याकडचीच आहे. मलेही चार महिने झाले, यायचाय म्हणून राह्यले.” मग आणखी एक जण निघाला. वरवट बकालच्या शेतकऱ्यानं चावी परत काउंटरवर ठेवली. “आधी लिहून द्या, कोणाचा पार्ट हाय ते. मंग नेतो गाडी.” त्या दिवशी अकरांपैकी दोनच गाड्या गेल्या. नारळ मी एकही फोडला नाही.

घरी आलो. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याचं तोंड कसं झालं होतं?” मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. जेवण झाल्यावर तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मला हसू आलं, तिला नाही.

शोरूमच्याच फोटोवाल्याचा व्हिडिओ दुपारपर्यंत जिल्हाभर फिरला. दसरा होऊन आठवडा झाला नाही, तोच कंपनीची माणसं नागपूरहून आली. महिन्याभरात सगळ्यांचे पार्ट आले, माझाही. ‘चालवणाऱ्याची चूक’ हा कागद त्यांनी रद्द करून दिला. हिच्या औषधपाण्याचं मात्र कुणी काही बोललं नाही. मॅनेजरला काढलं. तो आता चिखलीला एका नातेवाइकाच्या दुकानात बसतो. एकदा समोर आला, तेव्हा त्यानं मान वळवली. मी वळवली नाही. तो रस्ता ओलांडून दिसेनासा होईपर्यंत मी बघत होतो.

पण त्याच्या आधी फिटरला काढलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी. चिठ्ठ्यांची गोष्ट बाहेर कुणी सांगितली, हे ओळखायला डोकं लागत नव्हतं. डबे तोच उघडायचा. मी वाक्यं जुळवली, थांबायच्या जागा ठरवल्या, आणि त्या चार दिवसांत एकदाही त्या माणसाचा विचार माझ्या मनात आला नाही.

मी त्याच्या घरी गेलो. त्यानं खुर्ची दिली. मी म्हणालो, माझं चुकलं.

“चुकलं असं नाही, महाराज,” तो म्हणाला. “तुम्ही मले इचारलं असतं त मी हावच म्हटलं असतं. पन इचारलं नाही.”

त्यानं आता धाड रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं आहे. ते बरं चालतं. उद्घाटनाची पूजा मी सांगतो म्हणालो, तर त्यानं दुसऱ्या महाराजांना बोलावलं. माझी गाडी मी त्याच्याकडेच नेतो. तो काम चोख करतो, ब्रेक स्वतः चालवून बघतो, चावी हातात देतो आणि लगेच पुढच्या गाडीखाली सरकतो. चहाचं विचारत नाही.