पालकांनी तोंडात धरायचा घोट

त्यांना सगळे 'पाणीवाल्या बाई' म्हणत. बाई नळ दुरुस्त करत नसत. बोलताना ज्यांची वाक्यं मोडून पडतात अशा मुलांना बोलायला शिकवत. दवाखान्यातली अडगळीची एक चिमुकली खोली रिकामी करून त्यांना दिली होती. तीत दोन बुटक्या खुर्च्या, खेळण्यांची पेटी आणि दारापाशी पालकांसाठी स्टूल. स्टुलावर बसणाऱ्याच्या हातात बाई पाण्याचा पेला देत. "एक घोट तोंडात धरा. गिळायचा नाही."

हसू नका. मुलांपेक्षा पालकांचीच जीभ आवरणं कठीण, हे बाईंनी बावीस वर्षांत पुरतं ओळखलं होतं.

भिंगरीची आई तर सगळ्यांवर कडी. सात वर्षांच्या त्या पोरीने तोंड उघडायचा अवकाश, आईने वाक्य पुरं केलंच! माया हो, दुसरं काय? पण त्या मायेपायी पोरगी तुटक शब्दांवरच अडली होती. सहा महिन्यांनी शाळेच्या मुख्याध्यापिका तिच्याशी बोलून ठरवणार होत्या, दुसरीत घ्यायचं की पुन्हा पहिलीतच बसवायचं.

बाई कधी "चुकलं" म्हणत नसत. भिंगरी म्हणे, "बाहुली खुर्ची बस." बाई सहज म्हणत, "हो, बाहुली खुर्चीवर बसली." मग बाहुली टेबलावर बसे, पेटीवर बसे, बाईंच्या डोक्यावरसुद्धा बसे. तासाभरात तीस-चाळीस वेळा तसलंच वाक्य, आणि दर वेळी बाईंना नवल वाटे ते खरंखुरं. आपण पाचव्या वेळेलाच हात टेकले असते. मग भिंगरीची पाळी आली की बाई गप्प राहत, आणि स्टुलावर आई गाल फुगवून घामाघूम होई.

ठरल्या दिवशी बाईही सोबत गेल्या. मुख्याध्यापिकांच्या खोलीत पाण्याचा पेला काही चालणार नव्हता.

"दुसरीत जायला आवडेल का गं तुला?" मुख्याध्यापिकांनी भिंगरीला विचारलं.

आईचे ओठ हलले. 'हिला शाळा म्हणजे जीव की प्राण', हे तिचं नेहमीचं उत्तर. तिने ओठ घट्ट मिटले. भिंगरी बुटाकडे बघत राहिली. मुख्याध्यापिकांनी पेन उचललं, तेव्हा खुद्द बाईंनाच राहवेना. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मला शाळा आवडत नाही," भिंगरी म्हणाली. "मी बोलते तेव्हा मुलं हसतात." तिने बुटाचं टोक फरशीवर घासलं. "पण मी दुसरीत जाणार."

मुख्याध्यापिकांनी हसून दुसरीच्या प्रवेशाच्या कागदावर सही केली. बाईंना इतका आनंद झाला की चष्मा पुसायलाच लागला.

बाहेर व्हरांड्यात आई मात्र रडवेली झाली होती. "सगळ्यांना मीच सांगत फिरले, हिला शाळा किती आवडते म्हणून!"

ती लेकीसमोर खाली बसली. "कोण हसतं गं तुला?" तिने विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबली.