पोतं चढवून देणारा

ईशान, मीरा,

राहू गावच्या तात्याआजोबांना जाऊन महिना झाला. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, त्यांच्या फोटोत मागे दिसतो तो पुतळा कुणाचा. मी विषय बदलला. बदलायला नको होता, म्हणून आता लिहिते आहे.

तात्या माझे धाकटे दीर, तुमच्या आजोबांचे भाऊ. तरुणपणी मुंबईच्या गोदीत हमाल होते. धान्याचं भरलेलं पोतं एकट्याला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याने खालून उचलून द्यावं लागतं. तात्यांना ते चढवून द्यायचा गेनू, त्यांच्याच गावचा. दिवसभर वाकायचं, उचलायचं, परत वाकायचं... गेनू तात्यांच्या पुष्कळ आधी गेला.

मुंबईत समुद्राकाठी कामगारांचा पुतळा उभारल्याचं कळलं, तेव्हा तात्या मुद्दाम जाऊन बघून आले. डोक्यावर पोतं घेतलेला एकच माणूस. परतल्यावर घरी न जाता थेट शिरूरला माझ्याकडे आले.

"पुतळा झ्याक हाय, वहिनी. पर एक माणूस कमी हाय."

"अहो तात्या, ते प्रतीक असतं. त्या एकात सगळे आले."

"सगळे कसं आले? पोतं काय आभाळातनं पडलं व्हय त्याच्या डोक्यावर? तुम्ही पुतळा उभारणाऱ्या साहेबाला इंग्रजीत लिवा. दुसरा पुतळा न्हाई तर न्हाई, खालच्या पाटीवर तरी उचलून देणाऱ्याचे दोन शब्द घाला म्हणावं."

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. पत्र नेटकं लिहिलं. पुतळ्याचं कौतुक, एका जुन्या कामगाराचे आभार. उचलून देणाऱ्याचं तेवढं मला पोरकट वाटलं, साहेब हसतील असं वाटलं. मी ते गाळलं. तात्यांनी विश्वासाने खाली सही केली.

आभाराचं उत्तर आलं. तात्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"आन् गेनूचं?"

"विचार करतील," मी म्हणाले.

त्यानंतर भेटले की विचारायचे, काही आलं का. तक्रार कधी नाही, उलट माझीच चेष्टा. "तुमचं इंग्रजी लई अवघड पडलं वाटतं त्यास्नी." मी हसायचे... शेवटी दौंडच्या दवाखान्यात भेटले, तेव्हा त्यांनी विचारलं नाही. थकले होते, की त्यांना कळून चुकलं होतं, कोण जाणे. खरं सांगायला तासभर होता. मी मोसंबी सोलत बसले.

तेरावा झाल्यावर मी पुन्हा पत्र लिहिलं, या वेळी मराठीत, तात्यांच्याच शब्दांत. आधीच्या पत्रातून ते मीच वगळलं होतं, हेही लिहिलं. उत्तर आलेलं नाही. पुतळा अजून त्या एकट्याचाच आहे. गेनूचं नाव मात्र कागदावर आहे. एक प्रत माझ्याकडे आहे, एक या पाकिटात.