भगताची कंबर

आमच्या ह्यांचं नाव मगन. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही, पण सगळं गाव भगत भगत करून डोक्यावर घेतं, तेव्हा खरं नाव मीच सांगून टाकते. वर्षातला एक दिवस हे भगत असतात. उरलेलं वर्ष ग्रामपंचायतीचे वॉलमन. टाकीखालचा वॉल फिरवायचा, या गल्लीला पाणी सोडायचं, त्या गल्लीचं बंद करायचं, आणि दोन्ही गल्ल्यांच्या शिव्या खायच्या. पोरंसोरंसुद्धा अंगणातून ओरडतात, ए वॉलमन, आमचं पाणी कोठे गेलं. हे ऐकून घेतात, उलटून बोलायची हिंमत नाही. तीच हिंमत घरात दाखवतात, भाजीतल्या मिठाच्या नावाने.

गिरणेच्या काठी आमचं गाव. चैत्रात मरीआईची जत्रा भरते आणि बारागाड्या ओढतात. ज्याने पाहिल्या नसतील त्याच्यासाठी सांगते. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधायच्या. बैल एकही नाही. गाड्यांवर माणसं चढतात, ज्यांना एरवी दोन पावलं चालायला रिक्षा लागते ती आधी चढतात. आणि पुढे कमरेला दोर बांधून भगत एकटा ओढतो. एकटा म्हणायचं आपलं. दोन बाजूंनी त्याला धरायला दोन बगले असतात, मागून ढकलणारे तर विचारूच नका. पण पहिला हिसका भगताचाच. चाकं एकदा फिरली की फिरली, तोवर सगळा भार एका कमरेवर. गाव म्हणतं, देवी ओढते. देवीची कंबर कधी दुखल्याचं ऐकलं नाही, आमच्या ह्यांची दुखते.

माझे सासरे लोटन आबा भगत होते तेव्हाची गोष्ट निराळी होती. सकाळी नदीवर अंघोळ, ओल्या धोतराने तिथून देवळापर्यंत पळत यायचं. मग भाऊबंद हळद-तेलाने त्यांना असे रगडायचे की कातडी लाल व्हायची. मग डफाच्या तालावर नाचत गाड्यांना पाच फेरे. दोर बांधायच्या वेळेला म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून घाम गळत असायचा. त्याला कोणी कसरत म्हणत नव्हतं, देवीचं करणं म्हणत होते. सासरे शेवटपर्यंत ताठ चालले.

मग यात्रा कमिटीला प्रेमराज नाना अध्यक्ष मिळाले. खतांचं दुकान आहे त्यांचं, त्यामुळे गावाला कशाचीही कमतरता असली की आपण ती पोत्यात भरून विकू असं त्यांना वाटतं. त्यांनी जत्रेत स्टेज आणलं, डीजे आणला, वरून फोटो काढणारं ते भुणभुणं आणलं. पाहुण्यांना पुढे दुसऱ्या गावी जायचं असतं म्हणून पाच फेऱ्यांचा एक फेरा केला. हळद फोटोपुरती, दोन बोटं गालाला. नदीवरून पळत येणं तर बंदच, कारण रस्त्यात भगताच्या पायाला चिखल लागतो आणि फोटोत दिसतो. आणि आमचे हे? ह्यांना बरंच वाटलं. गळ्यात हार घालून खुर्चीत बसायचं, शाल घ्यायची, आणि ज्याने आदल्या दिवशी पाण्यावरून आईबहीण काढली तो येऊन पायावर डोकं ठेवतो ते बघायचं. एवढ्यावर हा माणूस वर्ष काढतो.

दोन सालांमागे व्हायचं तेच झालं. तासभर खुर्चीत बसून सत्कार घेतला, उठले आणि तसाच थंड अंगाने दोर बांधला. पहिल्याच हिसक्याला कमरेत काहीतरी सरकलं. मागच्यांनी ढकलून गाड्या देवळापर्यंत नेल्या, गावाला पत्ता नाही. घरी मात्र चौघांनी धरून आणलं. महिनाभर आडवे. मी शेक दिला, तेल लावलं, मोरीपर्यंत धरून नेलं. जळगावच्या डॉक्टरांनी फोटो काढून स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर पाय जाईल, काठी नाही, चाकाची खुर्ची लागेल. बाहेर आल्यावर हे मला म्हणतात, "देवीनं वाचाडं." मी म्हटलं, हो, आणि मोडलं कोणी?

आमचा किरण पुण्याला असतो. तिथे एका गोल्फच्या मैदानावर तो खेळायला येणाऱ्या लोकांचं अंग मोकळं करून देतो, त्याचाच पगार घेतो. त्याने बापासाठी व्हिडिओ पाठवला. एक पोट सुटलेले साहेब, डोक्यावर टोपी, खांद्यावर आडवी काठी धरून कंबर डावीकडे फिरवतायत, उजवीकडे फिरवतायत, मग गुडघे, मग मनगटं. पाव तास हाच धंदा. मी म्हटलं आता काय बैलगाडी उचलतो की काय हा माणूस. तर त्याने लिंबाएवढा एक चेंडू मारला. तोही जागेवर ठेवलेला, पळत नव्हता बिचारा. मारून झाल्यावर त्याच्यामागे पायी जायचं तर तेही नाही, छोट्या मोटारीत बसून गेला. पण मला एक कळलं. लिंबाला मारायचं तरी त्या साहेबाला आपली कंबर प्यारी आहे. आणि आमचा शहाणा बारा गाड्या ओढणार, तर नुसतं वाकून बघणार नाही.

मी आधी सरळ म्हटलं, गाड्या सोडा. प्रेमराज नानांचा पुतण्या दीपक टपूनच बसलाय, घेऊ दे त्याला. जिममध्ये जाऊन दंड फुगवलेत, आरशाशिवाय त्याला चैन पडत नाही, ओढू दे.

हे म्हणाले, "मंग मी कोन राहसू? वॉलमन?"

गाड्या सोडा म्हणायचं मी तिथेच सोडलं.

"बरं, मग निदान अंग तरी मोकळं करा आधी."

"भगतच कसरत करस, तर मंग देवी काय करस?"

"देवी ओढते ना? मग आदल्या दिवशी ताटभर साबुदाणा कोण खातं?"

तरी पाठ सोडली नाही. आमचा गोठा रिकामाच आहे. दाराला गोधडी लावली, मोबाइल खुंटीला टांगला, आणि काठी नव्हती म्हणून खांद्यावर मुसळ दिलं. हे कंबर फिरवायला लागले. तोंड असं केलं होतं की मी त्यांना चोरी करायला लावतेय. पण आठवडाभराने खाली वाकून तांब्या उचलता यायला लागला. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं.

आणि मग बेबाबाई आली. आमची शेजारीण. हिला विरजण नेहमी आमच्याच घरचं लागतं, आणि मागायला येताना दारातून यायचं हिला माहीत नाही. गोधडी बाजूला केली, मुसळ पाहिलं, विरजण न घेताच गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, भगत गोठ्यात कसरत करस.

दुसऱ्या दिवशी प्रेमराज नाना ओट्यावर. आवाज मधासारखा. "भगत, तुमच्याने होत नसेल तर मोकळेपणाने सांगा. लोक बोलतात. श्रद्धेचा प्रश्न आहे. दीपक तयार आहे."

आमचे हे लगेच म्हणाले, "खोटं शे बठ्ठं." सगळंच खोटं म्हणे, आणि मुसळ आत नेऊन उखळात उभं केलं. त्या दिवसानंतर कंबर फिरली नाही. मी बोलून बोलून थकले. लोक काय म्हणतील याला भिऊन आपला पाय द्यायला निघालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला, आणि नेमका तो माझ्याच वाट्याला आला.

गेल्या साली जत्रेच्या दिवशी पुन्हा तेच. स्टेजवर खुर्ची, गालाला दोन बोटं हळद. पाहुणे यायलाच उशीर, आल्यावर भाषण. मग दुसऱ्याचं भाषण. मग भाषण केल्याबद्दल दोघांचा सत्कार. उन्हं उतरली, नदीकडून वारा सुटला. हे उघड्या अंगाने खुर्चीत बसलेले. मी खाली बायकांत उभी होते. शेवटी प्रेमराज नाना माइकवर म्हणाले, पाहुण्यांना घाई आहे, तेव्हा यंदा फेरा प्रतीकात्मक होईल. म्हणजे तोही एक गेला.

हे उठले. उठताना ह्यांचा हात कमरेकडे गेला, आणि माणसं बघतायत हे लक्षात येताच झटकन खाली आला. तेवढं मी पाहिलं.

आता अंगात येणाऱ्या बायकांबद्दल माझं मत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या भिकुबाईच्या अंगात देवी येते ती नेमकी सुनेशी भांडण झालं की, आणि येऊन सांगते काय, तर सासूला ऊन पाणी द्या. मी तोंडावर हसलेय तिला. पण त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. अंबाडा सोडला, मान झटकली, आणि अशी किंचाळले की डीजेवाल्याने आपोआप बंद केलं. बायका बाजूला झाल्या. कोणीतरी कपाळाला कुंकू फासलं. मी घुमत घुमत थेट स्टेजपाशी.

"ए मगन्या!"

लग्नाला एवढी वर्षं झाली, मी ह्यांना कधी तू म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर काय गार वाटलं म्हणून सांगू.

"मना पाच फेरा कोठे गयात? पळ!"

प्रेमराज नाना माइक घेऊन पुढे आले. "माउली, पाहुण्यांना जरा..."

"तू बस खाले."

नाना मातीतच बसले. इस्त्रीचा पांढरा लेंगा. पाहुणे हात जोडून उभे, घाईबिई कुठे गेली कोण जाणे. डफवाल्या पुनाला काही सांगावं लागलं नाही, त्याने धरला ताल. हे पळायला लागले. एक फेरा, दोन फेरे, मी मागून ओरडतेय. पाच झाल्यावर म्हटलं, "आते वाक. जमीनले हात लाव. पुन्हा लाव. ती निशाणनी काठी ले, खांदावर धर. आते कंबर फिराड. डावीकडे. उजवीकडे. हळू, मुडद्या, हळू!"

सगळ्या गावासमोर भगत गोल्फची कसरत करत होता आणि गाव हात जोडून बघत होतं. मागे दहा-बारा जणांनी आपापल्या कंबरा फिरवायला घेतल्या, न जाणो देवी रागवायची. ज्या गावाने गोठ्यातल्या मुसळावर तोंडं वाकडी केली, तेच हे गाव. ह्यांच्या छातीवर घाम दिसला तेव्हा मी म्हटलं, बांध दोर.

गाड्या हलल्या. देवळापर्यंत गेल्या, आणि तिथून हे आपल्या पायांनी घरी आले. मी मात्र आले ती मान वाकडी करून. थंड मानेला झटके दिलेले, जाम धरली. पंधरवडाभर मला बाजूला बघायचं तर अख्खं वळावं लागायचं. बायका म्हणाल्या, देवीचा भार आहे. भिकुबाई भेटायला आली, इकडेतिकडे बघितलं आणि कानाशी लागली, "पहिले खांदा हलावाना, बाई. मान मांगून." म्हणजे मी इतकी वर्षं हसले ते बरोबरच होतं.

आणि आमचे हे? वर्षभर जो भेटेल त्याला डोळ्यांत पाणी आणून सांगतात, "देवी उनी व्हती, तिनं मनं नाव लिधं." देवी आली, तिने नाव घेतलं, हे माझ्यासमोर सांगतात. मी भाकरी थापता थापता मनात म्हणायची, या माणसाला बायकोचा आवाज ओळखू येत नाही. एवढी वर्षं संसार केला, तो कोणाशी केला म्हणायचं.

यंदा जत्रेच्या पत्रकात प्रेमराज नानांनी छापून घेतलं आहे, मातेच्या आज्ञेनुसार पाच फेरे व कटी-फेर. दीपकने त्याची सगळ्यांना आधीच तालीम दिली, जसं काही त्यालाच दृष्टांत झाला. आणि स्टेजच्या बाजूला एक खुर्ची ठेवली आहे. माझ्यासाठी. देवी येणार हे गृहीतच धरलं आहे. न आली तर फेरे पुन्हा बंद, हे नाना दोन जणांजवळ बोलले म्हणे.

तेव्हा जत्रेच्या सकाळी मी आतल्या खोलीत गेले. मोबाइल फळीवर ठेवला, आवाज बंद केला. ते पोट सुटलेले साहेब हलायला लागले. मी खांदे फिरवले, मग हळूहळू मान. डावीकडे. उजवीकडे. सोंग करायचं तर मान धरून चालणार नव्हतं. उजवीकडे वळवली, तर दारात हे उभे. अंगभर हळद लावलेली, यंदा खरोखरीची, रगडून.

मी मोबाइल पालथा घालायला गेले, तोवर ह्यांनी तो पाहिला होता. चेहऱ्यावर आश्चर्य नाही, राग नाही. नेहमीचाच वॉलमनचा चेहरा.

"बेबाबाई ई राह्यनी, विरजन मांगाले," म्हणाले. आणि ती यायच्या आत बाहेरून दार ओढून घेतलं.

ओट्यावर बसल्याचा आवाज आला. मग बेबाबाईचा, आणि मग ह्यांचा, कधी नव्हे तो चढलेला, तिला दारातच अडवणारा. "मझार नका जावा. ती पूजाले बठेल शे."

मी उरलेली मान फिरवून घेतली.