हर्सूलच्या निवडुंगावरचा पट्टेरी कोळी

मंडळी, इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. दिवसभर हिच्या बोटाकडंच बघत होतो.

सकाळी विळीवर बायकोचं बोट कापलं. रक्तावर घरातलं कोळिष्टक दाबायचं, पण दिवाळीसाठी कालच घर झाडलेलं. म्हणून मी हर्सूल तळ्याकाठच्या निवडुंगावरचं जाळं आणून दाबलं. रक्त थांबलं.

मग आठवलं, त्या जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी होती. मधोमध पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कोळी, आठ पाय जोडीजोडीनं फुलीसारखे पसरलेले.

शेजारच्या खाला म्हणाल्या, "भाईजान, जहरी असंल तर?"

बायको माझ्याकडं बघून हसली, "मग उद्यापासून विळी तुम्हीच धरा!"

आता बोट सुजलंय. कापल्यामुळं की कोळ्यामुळं? निजाम सरकारच्या दवाखान्यात जायला सकाळशिवाय टांगा नाही. ती एका हातानं भाकरी थापतेय.

हा कोळी कोणता, विषारी आहे का? माहीत असेल त्यानं लवकर कळवा.